खड्डेवालीचं गाणं

कुदळीचा घाव घातला की जमीन खण्णकन वाजायची. तीन आठवडे कोरडी थंडी पडली होती आणि वरची वीतभर माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. खड्डेवालीनं कुदळ बाजूला टाकली, पहार उचलली, तिचं टोक भेगेत बसवलं आणि वर सगळं अंग टाकलं. डोक्याएवढं ढेकूळ निघालं. ते तिनं डाव्या बाजूला ठेवलं. वरची माती डावीकडं, खालची उजवीकडं. बुजवताना खालची आधी जाते आणि वरची शेवटी, म्हणजे पुढं तिच्यावर गवत धरतं. हे तिला नवऱ्यानं शिकवलं होतं, नवऱ्याला त्याच्या बापानं.

या महिन्यातला हा अकरावा खड्डा. गावात ताप शिरला होता. आधी खोकला, मग छाती भरायची आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सुतार माप घ्यायला दारात उभा. सुतार म्हणायचा, "बाई, गावात आपल्या दोघांचाच धंदा तेजीत आहे, आणि आपल्या दोघांनाच घास गिळत नाही."

काम खरं नवऱ्याचं. पाच वर्षांपूर्वी चर्चच्या कुंपणाला दगड चढवताना त्याची पाठ मोडली आणि तो खाटेला लागला. माणसं काही मरायची थांबली नाहीत. मग तिनंच पदर खोचला आणि खड्ड्यात उतरली. बाई खड्डे खणते म्हणून गाव आधी हसलं, मग हसायचं विसरलं. गावाला काय, खड्डा तयार असला की झालं. तोंडावर तिला खड्डेवालीबाई म्हणत, पाठीमागं नुसतंच खड्डेवाली.

खणताना तिच्या तोंडातून एक गुणगुण निघायची. कुदळ वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर, आणि त्या बाहेरच्या श्वासाला सूर चिकटायचा. शब्द नसायचे. चर्चच्या आत तिनं तीन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. माणूस पुरायचा झाला की ती खड्ड्यापासून दहा पावलं लांब, भिंतीला टेकून उभी राहायची. लोक मूठमूठ माती टाकून घाईघाईनं घरी जायचे आणि मग ती एकटी फावडं घ्यायची.

त्या दिवशी दुपारी कुंपणाच्या फाटकातून गाणेमास्तर आले. गावच्या शाळेत शिकवायचे आणि तीस वर्षं चर्चमधली गाणी तेच बसवायचे. मूळचेच काटकुळे, त्यात आता गळ्याभोवती मफलरीचे तीन वेढे आणि गालांची खोबण. प्रत्येक चार पावलांना थांबून खोकत होते.

"मास्तर, वारं लागतंय. घरी जा," ती खड्ड्यातून म्हणाली.

"घरीच चाललोय." मास्तरांनी खड्ड्याकडं बोट केलं. "वाटेतलं घर बघून जावं म्हटलं."

"असलं बोलू नये."

"का बोलू नये? आयुष्यभर एक पेटी वाजवली, आता दुसऱ्या पेटीत निजायचं. सुताराला सांगून आलो, हिला भाता लावू नकोस बाबा, वाजवायला मी बाहेर नसेन."

तिला हसू आलं. मास्तर मातीच्या ढिगाऱ्यावर टेकले. बराच वेळ त्यांना दम लागला होता. मग म्हणाले, "तू गातेस."

"मी? मी कुठली गाते. धापा टाकते."

"सुरात टाकतेस. माझ्या हाताखालून शेकडो पोरं गेली, पण असा सच्चा गळा दोनच. एक तुझा, एक तुझ्या लेकीचा."

खड्डेवालीचा हात थांबला. लेकीचं नाव काढलेलं तिला चालायचं नाही, हे गावाला ठाऊक होतं.

"मास्तर, मला उजेडातच काम उरकायचंय."

"दोन शब्द ऐकून घे. मग खण." ते मान खाली घालून बोलत होते. "तीन वर्षांपूर्वी, नाताळच्या आठवड्यात, तू इथं पोरीचा खड्डा खणत होतीस. आम्ही आत गाणी बसवत होतो. खिडकी उघडी होती. मधेच पोरं गायची थांबली. एकीनं विचारलं, मास्तर, बाहेर कसला आवाज येतोय? मला ठाऊक होतं कसला. मी म्हटलं, काही नाही, मोठ्यानं गा. अजून मोठ्यानं. तुझी कुदळ ऐकू येऊ नये म्हणून मी पोरांना ओरडायला लावलं."

तिच्या डोळ्यांसमोर तो दिवस आला. आठ वर्षांच्या पोरीला लागतो तेवढाच खड्डा, हाताच्या फोडांतून आलेलं पाणी, आणि आतून चढत गेलेलं ते गाणं. तिला तेव्हा वाटलं होतं, सणाच्या आनंदात बिचाऱ्यांना कळलेलं नाही. तीन वर्षं तिनं गावावर राग धरला, पण रागाच्या तळाशी एवढी एक सोय ठेवली होती, की त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होतं."

"बाकीच्यांना?"

"मोठ्यांना सगळ्यांना. गिरणीवाली होती, तिचा नवरा होता, माझी बहीण होती. आठ जण होतो आम्ही."

"आठ!" तिचा आवाज फाटला. "पोर माझी तुमच्याच रांगेत पुढं उभी राहून गायची. आणि आठांतल्या एकालाही वाटलं नाही, जावं, त्या आईच्या हातातली कुदळ घ्यावी?"

"वाटलं. पण वाटणं आणि उठणं यात बारा कोस असतात, बाई."

"मग आता कशाला आलात? मरायला टेकल्यावर माफीची आठवण झाली?"

"माफी मागायला तोंड नाही. एवढंच सांगायला आलो, की माझ्या वेळेला तुझा आवाज कुणी झाकायचा नाही. बहिणीला तसं बजावून ठेवलंय."

"जा मास्तर," ती म्हणाली. "जा. नाहीतर माझ्या हातात फावडं आहे."

मास्तर उठले. फाटकापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. तिनं मान वर करून पाहिलं नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला हे सांगितलं. तो खाटेवर उताणा पडून छताकडं बघत ऐकत होता. पोरीच्या वेळी त्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलायचा नाही. आज मात्र म्हणाला, "एक शिवी तरी द्यायची होतीस. शिवी दिली की देणाराही सुटतो आणि घेणाराही."

"मला त्यांना सोडायचं नव्हतं," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली.

चार दिवसांनी, नाताळच्या आदल्या पहाटे, मास्तर गेले. दिवस उजाडता उजाडता त्यांची बहीण खड्डेवालीच्या दारात आली. साठीची बाई, लग्न न करता भावाचा संसार सांभाळलेली. डोळे कोरडे होते.

"उद्या सकाळी पुरायचं ठरलंय," ती म्हणाली.

"उद्या? नाताळच्या दिवशी?"

"मरण काय दिवस विचारून येतं? गिरणीवाली म्हणाली, सणाच्या दिवशी मातीचं तोंड कशाला बघायचं. मी म्हटलं, महिनाभर रोज बघतोय, उद्या काय डोळे मिटून घेणार आहात? पाद्रीबाबा तर म्हणतात, यंदा गाणीच नकोत. घरटी माणूस गेलंय, गायचं कुणी."

"जागा कुठली दिलीय?"

"ओढ्याकडची. दुसरी उरलीच कुठं?"

"तिथं खाली पाणी आहे. भिंत धरत नाही."

बहीण क्षणभर उंबऱ्यात घुटमळली. "तुला जमणार नसेल तर तसं सांग. मी ओळखून आहे. मीही होते त्या दिवशी आत."

खड्डेवालीनं तिच्याकडं पाहिलं. पंधरा-वीस कडू शब्द तिच्या जिभेवर येऊन गेले. शेवटी म्हणाली, "खड्ड्याला रुसून चालत नाही, ताई. तयार राहील."

दिवसभर ती खणत होती. छातीइतकं खोल गेल्यावर चिकण माती लागली. ती फावड्याला अशी चिकटायची की प्रत्येक वेळी हातानं खरवडून काढावी लागायची. गळ्याइतकं गेल्यावर पाणी झिरपायला लागलं. तिनं दोन्ही भिंतींना फळ्या लावल्या, आडव्या बांबूंनी ताणल्या, तळाला दगड पसरले आणि सूर्य कलता कलता शिडीनं वर आली.

नाताळची सकाळ गढूळ उजाडली. वारा ओढ्याकडून यायचा आणि कानाच्या पाळ्या कापायचा. ती फाटकातून आत आली आणि लांबूनच तिला दिसलं की काहीतरी बिघडलं. ओढ्याकडची फळी निसटली होती. अख्खी बाजू आत कोसळून खड्डा अर्धा भरला होता. तिनं कपाळावर हात मारला, शिडी सोडली आणि खाली उतरली. पाणी पिंडऱ्यांपर्यंत आलं. इतकं गार की पाय आहेत की गेले ते कळेना.

निम्मा चिखल उपसून झाला तोवर माणसं आली. पुढं पेटी, मागं तीस-पस्तीस जण, सगळे तोंडाला फडकी बांधून खोकत. पाद्रीबाबा तरणा माणूस, पण महिनाभरात म्हातारा दिसायला लागला होता. त्यांनी खड्ड्यात डोकावून विचारलं, "बाई, किती वेळ?"

"अर्धा तास तरी. भिंत आली खाली."

पेटी दोन फळ्यांवर टेकवली. लोक उभे राहिले. खड्ड्यातून चिखलाचं एकेक फावडं वर येऊन पडायचं, थप्प. मग खरवडल्याचा आवाज, मग तिचा श्वास, मग पुन्हा थप्प.

गिरणीवाली पुढं झाली. मास्तर नसले की बायकांची गाणी तीच सांभाळायची. ती हळूच म्हणाली, "पाद्रीबाबा, तोवर एखादं गाणं तरी घ्या. नुसतं उभं राहून हे ऐकणं बरं नाही."

"काय ऐकणं?" मास्तरांच्या बहिणीनं विचारलं.

"हेच. फावडं."

"ऐका," बहीण म्हणाली. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. "भावानं जाताना दोनच गोष्टी सांगितल्या. माझी बाजाची पेटी उंदरांना खाऊ देऊ नकोस, आणि खड्डेवालीचा आवाज झाकू नकोस. एकदा झाकलाय आपण. तेव्हा नीट ऐका सगळ्यांनी."

कुणी हललं नाही. गिरणीवालीनं फडकं डोळ्यांवर ओढलं. तिचा नवरा बुटांकडं बघत राहिला.

खाली खड्डेवालीला सगळं ऐकू आलं. तिच्या अंगातून एक गरम लाट गेली. ऐका, ती मनात म्हणाली, ऐका आता. आणि तिनं फावडं जोरात मारलं. एक. दोन. दहा. तीन वर्षांचा राग त्या चिखलात ती हाणत होती आणि वर शुकशुकाट होता. पण पंधराव्या-विसाव्या फावड्याला राग पुरेना. शेवटी हात तेवढे उरले, आणि पाणी, आणि समोर चिखलाची ओली भिंत. कुदळीचा घाव ऐकत पोरीही अशाच उभ्या असतील त्या दिवशी आत, एकमेकींचे हात धरून. त्यांना तर कुणी सांगितलंही नव्हतं की तुमची मैत्रीण बाहेर आहे. आणि मास्तर, पेटीचा भाता मारत, ओरडून सांगतायत, अजून मोठ्यानं. घाबरलेला माणूस. नुसता घाबरलेला माणूस.

तिचा श्वास लागला तशी गुणगुण सुरू झाली. ती तिनं ठरवून केली नव्हती. पण आज सुराला शब्द चिकटले. तिलाही ते ओठांवर आल्यावरच कळलं. पोर चुलीपुढं बसून नाताळच्या आधी पंधरा पंधरा दिवस घोकायची, तेच गाणं:

उठा मेंढक्यांनो, चला चला,
गोठ्यात उजेड आला;
गवतावरती राजा आमचा
उघडाच झोपी गेला.

पोर विचारायची, "आई, राजा उघडा का गं? त्याच्या आईकडं पांघरूण नव्हतं?" आणि ती म्हणायची, "असेल की. आईनं कुशीत घेतला असेल. तेच पांघरूण." पुरताना तिनं पोरीला स्वतःच्या शालीत गुंडाळलं होतं, आणि थंडीत शालीशिवाय घरी आली होती. हे आज खाली उभं राहून तिला लख्ख आठवलं आणि गळा दाटण्याऐवजी मोकळा झाला. आवाज खड्ड्याच्या भिंतींवर आपटून वर गेला, तिला स्वतःलाच ओळखू येईना इतका मोठा.

वर माणसं दचकली. जमिनीतून गाणं येत होतं. पाद्रीबाबांनी टोपी काढली. पहिलं कडवं संपलं, फावडं पुन्हा चिखलात गेलं, आणि दुसऱ्या कडव्याला वरून एक चिरका, तापानं बसलेला आवाज येऊन मिळाला. गिरणीवाली होती. तिला सूर लागत नव्हता. तरी ती गात राहिली. मग मास्तरांची बहीण. मग सुतार, जो जन्मात कधी सुरात गायला नव्हता आणि आजही गायला नाही. मग खोकत, थांबत, पुन्हा धरत, सगळी माणसं.

गिरणीवाल्यानं अंगरखा काढला आणि तो शिडीवरून खाली आला. "सरका," तो म्हणाला. "मला द्या."

"तुम्हाला जमायचं नाही. फळी आधी धरा. ती नाही, ती वरची."

"ही?"

"अहो डावी! गिरणीत पण असंच धान्य सांडता काय?"

वर कुणीतरी हसलं. कबरस्तानात, पेटी समोर असताना, ताप गावात असताना. ते हसू एकाकडून दुसऱ्याकडं गेलं आणि हसता हसता कितीजणांना रडू फुटलं, आणि त्यातूनच पुढचं कडवं निघालं. खड्डेवालीच्या पायांत जीव नव्हता, हात सोलले होते, आणि तरी छातीत काहीतरी असं उसळत होतं की तिला लाज वाटली. तिनं ते ओळखलं. ते सुख होतं. ते इथं, या चिखलात यावं, याचा तिला अर्थ लागला नाही.

दोर सोडून पेटी खाली गेली. लोक मूठमूठ माती टाकून निघाले नाहीत. फावडी दोनच होती, ती हातोहात फिरली, आणि ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी ओंजळीनं माती ढकलली. तिनं फक्त उभं राहून ओरडायचं काम केलं. "उजवीकडची आधी! ती नको, ती शेवटी!" गाणी चालूच होती. मास्तरांनी बसवलेली सगळी होऊन गेली तरी खड्डा बुजेना, मग पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.

सगळं झाल्यावर पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, आत चला. आज नाताळ आहे. प्रार्थना व्हायचीय."

"पाय बघा माझे. गुडघ्यापर्यंत चिखल."

मास्तरांची बहीण म्हणाली, "मग? त्या गोठ्यात काय फरशी होती?" आणि तिनं खड्डेवालीचा दंड धरला.

ती आत गेली. शेवटच्या बाकावर बसली. पायांखाली पाण्याचं थारोळं झालं. पाद्रीबाबा काय बोलले ते तिला नीट ऐकू आलं नाही. तिच्या बाजूची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून ओढ्याकडचा नवा ढिगारा दिसत होता, आणि थोडं अलीकडं पोरीचा, गवत धरलेला. सगळ्यांनी माना खाली घातल्या तेव्हा तिनंही घातली. तिला मागायचं काही सुचेना. पोर परत मिळणार नव्हती. तिचं मास्तरांना जे म्हणायचं राहिलं ते आता म्हणता येणार नव्हतं. मग ती देवाला मनातल्या मनात एवढंच म्हणाली, "मी तुझ्याशी अजून बोलत नाही. पण गाईन."

घरी गेली तेव्हा नवऱ्यानं दार उघडं ठेवायला लावलेलं दिसलं. शेजारीण येऊन करून गेली होती. वारा सरळ खाटेवर येत होता.

"मरायचंय का?" ती दार लावत ओरडली.

"ऐकत होतो," तो म्हणाला. "दार लावलं की नीट ऐकू येत नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाला, "पोरीसारखंच उचलतेस तू वरचे सूर."

"पोर माझ्यासारखं उचलायची," ती म्हणाली, आणि खाटेच्या कडेला बसून, तीन वर्षांत पहिल्यांदा, दोघांनी मिळून पोरीबद्दल बोलायला सुरुवात केली.

ताप काही गाण्याला भ्याला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार दारात उभा राहिला. आज त्याच्या हातात मापाची दोरी होती आणि चेहरा उतरलेला होता.

"कोण?" तिनं विचारलं.

"सासू. पहाटे गेली. माझ्याच घरचं माप आज." त्यानं दोरी पुढं केली. "लहानखुरी होती. पाच फूट पुरे."

तिनं पहार उचलली आणि कबरस्तानात गेली. फाटकाशी गिरणीवाला उभा होता, घरची कुदळ घेऊन. त्याच्याशेजारी पाद्रीबाबा, झग्याचा घोळ कमरेला खोचलेला, हातात शाळेच्या बागेतलं एवढंसं खुरपं.

"हे काय?" ती म्हणाली.

"दुसरं काही मिळालं नाही," पाद्रीबाबा ओशाळून म्हणाले.

तिनं दोरी ताणून चार खुंट्या ठोकल्या आणि बाजूला सरली. गिरणीवाल्यानं कुदळ मारली. जमिनीनं ती परत उडवली. त्यानं हात झटकला, बोटं तोंडात धरली, पुन्हा मारली. तासाभरात दोघं मिळून मांडीइतके खाली गेले, आणि खड्डा वर रुंद, खाली निमुळता व्हायला लागला.

"बाई, आता तुम्ही गा तरी," गिरणीवाला धापा टाकत म्हणाला. "नुसतं उरावर उभं राहू नका."

"गाईन," खड्डेवाली म्हणाली. "आधी भिंत सरळ घ्या. म्हातारीला निजवायचंय तिथं, बटाटे नाही पेरायचे."